पाट्यावरचं कार्ड

माझा थोरला भाऊ, सखादादा, घाबरट नव्हता. घाटात ब्रेक निकामी झालेली गाडी त्यानं गाणं म्हणत खाली आणली होती, असं तोच सांगायचा, म्हणजे त्यातलं निम्मं सोडून द्यावं. पण त्या दिवशी आमच्या साजगावच्या ओट्यावर तो बसला होता तेव्हा त्याचे हात मांडीवर थरथरत होते, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यातलं काही सोडायची सोय नव्हती.

साल अडुसष्ट. होळी होऊन गेली होती, ऊन चढलं होतं. दादा तेव्हा मुंबईत एका कंपनीची मोठी गाडी चालवायचा. परदेशातून जगभर फिरायला निघालेल्या लोकांच्या बोटी गोदीला लागत. बोट दिवसभर थांबली की माणसं खाली उतरत. कोणी बाजार बघे, कोणी गाडी करून कार्ल्याची लेणी बघायला जाई. त्या गाड्या खालापूर, खोपोलीवरून आमच्या गावाजवळूनच घाट चढत. आम्हा बायकांना आश्चर्य वाटे ते एवढंच, की ही माणसं दुसऱ्याच्या मुलखात अशी उतरतात तरी कशी, यांना कोणी विचारत नाही का.

दादा ऐटीत सांगे, विचारतात तर. पण बोटीनं आलेल्याला दिवसभर फिरायला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट बोटीवरच राहतो. गोदीच्या दारात साहेब प्रत्येकाच्या हातात एक कार्ड देतो, रात्री बोट सुटायच्या आत तेच कार्ड परत घेतो आणि मग माणसाला आत सोडतो. ‘‘कार्ड हाय तवर पावना,’’ तो म्हणायचा, ‘‘कार्ड नाय तर चोर.’’ व्हिसा हा शब्द आमच्या घरात त्यानंच आणला. त्याचा अर्थ आम्हाला धड कळला नव्हता, पण बोलताना बरं वाटे.

घरात तेव्हा बाळंतपण होतं. सुंदरावहिनीला मुलगी झाली होती आणि त्या दिवशी पाचवी होती. तिच्या मदतीला मी भिसेगावहून, माझ्या सासरहून आले होते. वहिनीची आधीची दोन मुलं गेली होती. पहिलं पाचवीच्या आतच गेलं. दुसरं तीन महिन्यांचं होऊन गेलं, आणि त्याचं खापर माझ्या आईनं, भागूबाईनं, एका कागदावर फोडलं. पाचवीला सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून पाटा-वरवंटा मांडून तिच्यापुढे कोरा कागद आणि लिहायचा टाक ठेवतात. एकदा पिंजर, म्हणजे कुंकू, वाहून दिवा लावला की मांडलेलं काही सकाळपर्यंत हलवायचं नाही. त्या दुसऱ्याच्या पाचवीला वाऱ्यानं कागद उडून दाराबाहेर गेला होता. लिहिणारी आली आणि कागदच नव्हता, असं आई बारशाला म्हणाली आणि मयतीलाही म्हणाली. वहिनी दोन्ही वेळा ऐकून घेत बसली. मला आईचा तेव्हा राग आला होता, अजूनही येतो. पण खरं सांगायचं तर माझाही त्या गोष्टीवर विश्वास होता.

म्हणून या खेपेला आईनं दादाला बजावलं होतं, मुंबईहून चांगला जाड, कोरा कागद आण, असातसा नको. दादा हो म्हणाला आणि अर्थातच विसरला.

त्या दिवशी दुपारी त्याची गाडी रस्त्याला थांबली आणि तो एका म्हाताऱ्या मडमेला हाताला धरून घरी घेऊन आला. कार्ल्याच्या पायऱ्या चढून-उतरून तिला ऊन लागलं होतं, घाट उतरताना दोनदा ओकारी झाली होती. तिला सावलीत निजवावं, पाणी द्यावं आणि जमलं तर पोरीचं तोंड बघावं, असा त्याचा बेत. पोर झाली त्या दिवसानंतर तो घरी आलाच नव्हता. मडम ओट्यावर चटईवर आडवी झाली. मी तिच्या कपाळाला कांदा ठेचून लावला, तिनं नाक मुरडलं, पण गप्प पडून राहिली. दादानं आपला खाकी कोट आत खुंटीला अडकवला आणि विहिरीवर पाणी शेंदायला गेला.

तासाभरानं मडमेला उतार पडला. उठून बसली, कोरा चहा प्याली, आणि कॅमेरा काढून आमच्या अंगणाचा, कोंबड्यांचा, समोरच्या डोंगराचा फोटो घ्यायला लागली. डोंगरावरून वीजघराचे मोठे पाइप खाली येतात ते तिकडेच दिसतात. नेमके तेव्हाच आबाजी पाटील आले. गावचे पोलीस पाटील. पाकिस्तानशी लढाई होऊन तीनच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून वीजघराच्या आसपास अनोळखी माणूस दिसला की कळवायचा त्यांना हुकूम होता. त्यांनी आधी कॅमेऱ्यासमोर आपला पंजा धरला. मग दादाला विचारलं, बाई कोण, आली कुठून, व्हिसा आहे का.

दादा हसला. व्हिसा लागत नाही, बोटीची पाहुणी आहे, कार्ड आहे, असं त्यानं नेहमीच्या ऐटीत सांगितलं. मडमेनं हरवू नये म्हणून कार्ड त्याच्याकडेच दिलं होतं. पाटील म्हणाले, मग दाखव.

दादा आत गेला. कोटाचा खिसा बघितला, दुसरा बघितला, कोट उलटा करून झटकला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग गेला होता. गाडीत बघितलं, विहिरीशी बघितलं, मडमेच्या पिशवीत बघितलं. ती हसून मान हलवत राहिली. आम्ही काहीतरी खेळ करतोय असं तिला वाटत असावं.

पाटील वाईट माणूस नव्हते, पण भ्यालेले होते, आणि भ्यालेल्या माणसाच्या हातात सरकारी काठी असली की तो जास्तच बोलतो. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, कार्ड नसेल तर ही बाई आता या देशात बेकायदा आहे. हिला गोदीत घेणार नाहीत. बोट निघून जाईल. मग ही वीजघराच्या पाइपांचे फोटो घेऊन कोणाच्या घरी बसली होती ते विचारतील, आणि मला खरं सांगावं लागेल. तुझा ड्रायव्हरचा बिल्ला जाईल, आणि बिल्ल्याच्या मागोमाग तूही. तेव्हा दादा ओट्यावर बसला आणि मला त्याचे हात दिसले.

मी आत धावले, वहिनीच्या खोलीत बघावं म्हणून. खोलीत धुरी होती. आईनं पाचवी तिन्हीसांजेची वाट न बघता मांडून टाकली होती, कारण शेजारच्या बायका यायच्या आत तिला सगळं पुरं हवं होतं. पाटा, त्यावर वरवंटा, हळद, पिंजर, कोयता, घुगऱ्या, पेटलेला दिवा. आणि वरवंट्याखाली, वाऱ्यानं उडू नये म्हणून नीट दाबून ठेवलेलं, एक जाड पांढरं कार्ड. कोरी बाजू वर.

मी कार्डाकडे बघत राहिले. आईनं माझ्या नजरेकडे पाहिलं आणि समाधानानं सांगितलं की यंदा सखा विसरला नाही, कोटात होता बघ कागद, एका अंगाला इंग्रजी छापलंय पण दुसरं अंग कसं कोरं आहे.

मी दादाला हाक मारली. तो उंबऱ्याशी आला, बघितलं, आणि भिंतीला टेकला. पाटीलही मागून आले. आईला कळलं तेव्हा ती पाट्याच्या पुढ्यात आडवी बसली. उचलायचं नाय, म्हणाली. दिवा लागला, पिंजर वाहिली, आता सकाळशिवाय हात लावू देणार नाही. एक पोर असंच गेलं, आता हेही घालवायचं आहे का. तिच्या आवाजात नेहमीचा ताठा नव्हता. ती रडत होती, आणि तेच मला सहन होईना.

दादानं पाटलांकडे बघितलं. म्हणाला, तुमी सरकारी माणूस हाय, तुमीच उचला. पाटलांनी दोन्ही हात मागं घेतले. सरकारचा हुकूम ते मोडायला तयार नव्हते आणि सटवाईचाही. घरात आम्ही चार धडधाकट माणसं होतो आणि एका बोटभर कार्डाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. बाहेर ऊन कलत होतं. रात्रीच्या आत गोदी गाठायची तर लगेच निघायला हवं होतं, मुंब्र्याकडून ठाण्याचा फेरा होता, रेल्वेचं फाटक उघडं मिळायचं होतं. दादा ‘मी उचलतो’ म्हणून पुढं झाला. पोरीकडं त्याची नजर गेली आणि तो तिथंच थांबला. मी त्याला दोष देत नाही. मीही पुढं झाले नाही.

वहिनी बाजेवर पडून सगळं ऐकत होती. ती उठली. बाळंतिणीनं असं उठायचं नसतं, पण कोणी तिला अडवलं नाही. पोर माझ्या हातात दिली. सासूला म्हणाली, ‘‘आय, सरा जरा.’’ आई का सरली ते मला आजही सांगता येत नाही. वहिनीनं वरवंटा बाजूला केला, कार्ड उचललं, पदरानं पुसलं आणि नवऱ्यापुढं धरलं. हळदीचा डाग काही निघाला नाही.

‘‘जा तुमी,’’ ती म्हणाली. ‘‘ही पोर बापाबिगर वाढवायला मला यायची नाय.’’

मग ती पाट्यापुढं खाली बसली आणि आपला उजवा हात, तळवा वर करून, कार्ड होतं तिथं ठेवला.

‘‘जने, पिंजर लाव.’’

मी लावली. घाईत थोडी पिंजर तिच्या मनगटावर सांडली. तिनं दुसऱ्या हातानं टाक उचलून तळव्याशेजारी ठेवला आणि दिव्याकडं बघून, कोणाला तरी ठणकावून सांगावं तसं म्हणाली, ‘‘आता ह्याच्यावर लिही. हा वाऱ्यानं उडत नाय.’’

मडम गाडीत बसताना दारातून आत बघत होती. आम्ही सगळ्या रडत होतो. तिला वाटलं असेल तिच्या जाण्यानं रडतोय. तिनं प्रेमानं हात हलवला आणि मीही हलवला, दुसरं काय करणार.

मग संध्याकाळ झाली. शेजारणी आल्या, पाट्यावरचा हात बघून कुजबुजल्या आणि घुगऱ्या घेऊन लवकर गेल्या. पोर प्यायला रडली की मी तिला उचलून वहिनीच्या डाव्या अंगाला धरायची, कारण उजवा हात ती हलवत नव्हती. हात आखडून बोटं निळसर झाली. मी म्हटलं, थोडा वेळ मी ठेवते माझा. ती म्हणाली, तुझ्या हातावर तुझ्या पोरांचं लिवलेलं असंल, त्यात मिसळंल. आई कोपऱ्यात बसली होती. बऱ्याच वेळानं ती उठली आणि पदर वाऱ्याला आडवा धरून दिव्याजवळ येऊन बसली. उजाडेपर्यंत तिनं दिवा विझू दिला नाही. आणि मी मनात एकीकडे सटवाईला आळवत होते आणि दुसरीकडे गोदीच्या दारातल्या त्या न पाहिलेल्या साहेबाला.

दादा सकाळी आला. गाडी कंपनीत टाकून मिळेल त्या टेंपोनं आला होता, डोळे तारवटलेले. मुंब्र्याच्या अलीकडे फाटक पडलं होतं, ठाण्यात गाडी तापली, गोदीत पोचला तेव्हा शिडी वर घ्यायची तयारी चालली होती. साहेबानं कार्ड उलटंपालटं केलं, डागावर नख घासलं, नाकाशी नेलं. दादाला वाटलं संपलं. मडम इंग्रजीत काहीतरी बोलली, साहेब हसला आणि तिला आत सोडलं. कार्ड त्यानं पेटीत टाकलं. ते परत मिळेल का, असं विचारायला दादानं तोंड उघडलं होतं, पण साहेबानं नुसतं बघितलं आणि हा मागं फिरला. हे सगळं त्यानं मला अंगणातच सांगितलं, आत जायचा धीर त्याला होत नव्हता. बायकोला काय सांगू, असं दोनदा म्हणाला. पोरीचा कागद सरकारच्या पेटीत राहिला.

आत वहिनी तशीच बसली होती, भिंतीला डोकं टेकून. उजाडलं होतं तरी हात उचलला नव्हता. दादाला बघून तिनं एवढंच विचारलं, बोट गेली का. तो म्हणाला, गेली. कार्डाचं तिनं विचारलंच नाही.

तिनं हात हळूहळू पाट्यावरून उचलला. दुसऱ्या हातानं धरून उचलावा लागला. पिंजर सुकून तळव्याच्या रेघांमध्ये बसली होती. तो हात तिनं दादापुढं केला.

‘‘तुमाला कार्डं वाचता येतात,’’ ती म्हणाली. ‘‘वाचा.’’

दादा वाकून बघत राहिला. किती लिहिलंय, काय लिहिलंय, ते समजेल की काय, याचीच त्याला भीती वाटत होती. मलाही वाटत होती.

‘‘नाय गं वाचता येत,’’ तो म्हणाला.

‘‘मग बरं हाय,’’ वहिनी म्हणाली.

पोर रडायला लागली होती. मी तिला घ्यायला वळले, पण त्याच्या आत वहिनीनं तोच हात पोरीच्या पाठीखाली घातला आणि तिला उचलून घेतलं.