मुखरूभाऊंची स्कॉच

आलापल्लीच्या जंगल डेपोत भैयाजींनी उभी नोकरी काढली आणि रिटायर होऊन मूल या आपल्या गावी येताना गुडघेदुखीबरोबर व्हिस्कीचं वेडही आणलं. वेड लावलं ते एका इंग्रज साहेबाने. साहेब एकटा जीव. संध्याकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात भैयाजींना समोर बसवायचा आणि पेला हातात द्यायचा, पण प्यायची परवानगी लगेच नाही. आधी हुंगायचं. काय काय वास येतो ते सांगायचं. भैयाजींचं नाक मुळातच तिखट. डेपोतला ओंडका डोळे मिटून हुंगला तरी साग की बीजा ते सांगत. महिन्याभरात साहेबाने त्या नाकापुढे हार मानली. पुढे इंग्रज गेले, साहेबही गेला, पण हे नाक आणि ही हौस मागे राहिली.

मूलमध्ये या हौसेला दोन सोबती मिळाले. मुखरूभाऊ लहानपणचा मित्र. जातीने ढिवर, बापासोबत तलावात जाळं टाकत मोठा झालेला. आता तलावांचे ठेके त्याच्याकडे होते आणि त्याची मच्छी बर्फात घालून छोट्या गाडीने नागभीडमार्गे नागपूरला जायची. मच्छीसोबत तो स्वतः गेला, की येताना हमखास एक बाटली घेऊन यायचा. दुसरे लटारूभाऊ, धानाच्या गिरणीचे मालक, नीटनेटके आणि जरा भित्रे. त्यांचा साडू कलकत्त्याला होता, त्याच्याकडून त्यांचा माल यायचा.

रविवारी दुपारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मुखरूभाऊच्या शेडमध्ये तिघे जमायचे. बैठकीची रीत ठरलेली होती. ज्याने नवी बाटली आणली त्याने ती मध्ये ठेवायची आणि ती कुठे मिळाली, कशी मिळाली ते सगळं रंगवून सांगायचं. मग बूच काढायचं आणि पहिला पेला भैयाजींकडे. भैयाजी नाक पेल्यात घालून डोळे मिटायचे तेव्हा मुखरूभाऊ श्वास रोखून बघत राहायचा. "धूर आहे," भैयाजी म्हणायचे. "मागून मध. आणि एकदम शेवटी ओल्या लाकडाचा भुसा." मग बाकीचे दोघे हुंगायचे आणि खरंच त्यांना मध सापडायचा. दोन-दोन घोट झाले की उरलेली बाटली ज्याची त्याने घरी न्यायची. झिंगायला तिथे कोणी येत नव्हतं. त्यासाठी मोहाची होतीच.

सत्तावन्न साली तापाची साथ आली. घराघरात माणसं आडवी झाली. भैयाजीही पंधरवडाभर अंथरुणात होते. उठले तेव्हा अंगात त्राण नव्हतं, पण ते हळूहळू आलं. नाक मात्र आलं नाही.

आधी त्यांना वाटलं, सर्दी आहे. मग एके दिवशी त्यांची बायको सोनीबाई अंगणातून धावत आत आली. चुलीवरचा भात करपून कोळसा झाला होता, वास पार अंगणापर्यंत गेला होता आणि भैयाजी शेजारीच पाटावर बसून पेपर वाचत होते.

"अजी, तुमाले वास नाई आला?" तिने विचारलं.

भैयाजींनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "कोणाले सांगू नको."

सोनीबाईने कोणाला सांगितलं नाही. ती मनात म्हणाली असेल, व्हिस्कीचा नाद तरी सुटेल. पण सुटणार कसा? डेपोतली खुर्ची गेली होती, मूलबाळ नव्हतं, गावात कोणी त्यांच्याकडे सल्ला मागायला येत नव्हतं. आठवड्यातून एक दुपार अशी होती, की दोन माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. ती दुपार भैयाजींना सोडवेना.

त्यांनी सोंग सुरू केलं. सोंग तसं अवघड नव्हतं. लेबल बघून आणि रंग बघून जुन्या आठवणीतून काहीतरी बोलता यायचं. जिभेला तिखट, गोड, कडू एवढं कळत होतंच. लटारूभाऊंनी एकदा अमेरिकेची बाटली आणली. साडूला कलकत्त्यात एका अमेरिकन इंजिनियराने भेट दिलेली.

"हिले बर्बन म्हणतात," लटारूभाऊ कौतुकाने म्हणाले. "स्कॉच नाई ही. सांगा बरं, कशाची असन?"

लेबलावर कोपऱ्यात मक्याचं कणीस छापलेलं भैयाजींनी आधीच पाहून ठेवलं होतं. पेला नाकाशी धरला. आत काहीच नव्हतं. पावसात उभं राहून पाऊस ऐकू येऊ नये तसं. "मका," ते म्हणाले. "आणि नवं पिंप दिसते, आतून जाळलेलं. जळक्या लाकडावर गूळ सांडला तसा वास."

"वा!" लटारूभाऊंनी मांडीवर थाप मारली.

 मुखरूभाऊने आपला पेला हुंगला, भैयाजींकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "गूळच हाये. बरोबर."

एकोणसाठ साली दारूबंदी इकडेही आली. विदर्भ मुंबई राज्यात गेला तेव्हाच ती येणार असं बोललं जात होतं, पण आली तेव्हा सगळ्यांना अचानक आल्यासारखी वाटली. मोहाची भट्टी जंगलात आणखी आत सरकली, एवढाच गावाला फरक पडला. या तिघांचं मात्र मोठं अडलं. नागपूरची दुकानं बंद झाली. साडूने झडतीच्या भीतीने हात वर केले. रविवारी तिघे पाळीवर बसून चहा प्यायचे आणि पूर्वीच्या बाटल्यांच्या गोष्टी काढायचे. भैयाजींना त्यातच बरं वाटू लागलं होतं. आठवणीला नाक लागत नाही.

पण मुखरूभाऊ स्वस्थ बसणारा नव्हता. थंडीच्या दिवसांत तो एका रविवारी टॉवेलात गुंडाळलेली बाटली घेऊन आला. चेहरा असा फुललेला, की जणू पोरीचं लगीन ठरवून आला.

"स्कॉच!" त्याने टॉवेल सोडला. "सिरोंच्याहून आली. गोदावरीच्या पलीकडच्या एका टरकवाल्यानं आनली, लाकडाखाली लपवून. दोन खेपा मले नुसतं 'रेपू, रेपू' करून राह्यला. उद्या, उद्या! तिसऱ्या खेपेले दिली."

लेबलावर एका गडाचं चित्र होतं, सोनेरी कड होती. बुचावरची लाख शाबूत होती. लटारूभाऊंनी बाटली उजेडात धरली. रंग चहासारखा सुरेख होता. बूच निघालं, आणि लटारूभाऊंनी नाक आखडलं.

"दवाखान्यासारखा वास येते रे."

"पॉलिशसारखा," मुखरूभाऊ जरा हिरमुसून म्हणाला. मग त्याने पेला भरला आणि भैयाजींपुढे केला. "तू सांग, भैयाजी. तू म्हनशीन ते खरं."

भैयाजींनी पेला घेतला. डोळे मिटले. छाती भरून श्वास ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. डोळे उघडले तर दोघे त्यांच्याकडे बघत होते. आणि त्यांना साहेबाचं बोलणं आठवलं, अगदी खरं बोलणं: स्कॉटलंडच्या बेटांवर, समुद्राकाठी काही भट्ट्या आहेत, त्यांच्या व्हिस्कीला धुराचा, औषधाचा वास असतो; नवखा माणूस तोंड वाकडं करतो, जाणकार त्यासाठीच जीव टाकतो.

"बेटांवरची आहे ही," भैयाजी म्हणाले. "तिकडच्या मालाले असाच वास असते. औषधासारखा. खूप भारी चीज आहे मुखरू, अशी साहेबाकडंही एकदाच आली होती."

मुखरूभाऊचा चेहरा पुन्हा फुलला.

भैयाजींनी बोटभर घेतली. जीभ भाजली, घसा जळला. लटारूभाऊंनी एक घोट घेतला, त्यांना तो मानवला नाही. त्यांनी बाहेर जाऊन उलटी केली आणि भारी चीज आपल्या नशिबात नाही असं हसत सांगितलं. मुखरूभाऊने आपला पेला संपवला, अजून एक घेतला, आणि उरलेली बाटली रीतीप्रमाणे टॉवेलात गुंडाळून घरी नेली. संध्याकाळी जेवणाआधी तो त्यातली आणखी प्यायला.

दुसऱ्या दिवशी भैयाजींचं डोकं ठणकत होतं. सकाळीच मुखरूभाऊची बायको रुखमाबाई दारात आली. डोक्यावरचा पदर घसरलेला, पायात वहाणा नव्हत्या.

"भाऊ, चला न लवकर. हे म्हनते, धुकं पडलं, धुकं पडलं. अन् बाहेर तं चक्क ऊन हाये!"

मुखरूभाऊ खाटेवर बसला होता, पोट धरून. डोळे सताड उघडे. भैयाजींच्या पावलांच्या आवाजाकडे त्याने मान वळवली, पण नजर भलत्याच ठिकाणी लागली होती. "भैयाजी का? सारं दुधावानी दिसून राह्यलं गड्या."

लटारूभाऊंनी गिरणीचा ट्रक काढला. चांद्याला दवाखान्यात पोचेपर्यंत मुखरूभाऊचा श्वास जोरजोरात चालू लागला होता. डॉक्टरने बाटली मागितली, ती रुखमाबाईने येताना पदरात आणली होती. त्याने बूच काढलं, एकदाच हुंगलं आणि लगेच लावून टाकलं.

"लाकडाला पॉलिश करायचं स्पिरिट आहे हे. रंग घातलाय. कोणालाही वासावरून कळलं असतं. तुम्हा लोकांना कळलं नाही?"

लटारूभाऊ जमिनीकडे बघू लागले. भैयाजी भिंतीकडे.

मुखरूभाऊ जगला. डोळे गेले. डॉक्टरने सांगितलं, काही दिवसांनी थोडंफार दिसेलही कदाचित. पण ते त्याने रुखमाबाईचं तोंड बघून सांगितलं होतं. दिसलं काहीच नाही.

घरी आणल्यावर भैयाजी रोज जाऊन बसायचे. बोलणं व्हायचं नाही. एके दुपारी रुखमाबाई पाणी आणायला गेली आहे असं बघून त्यांनी धीर केला.

"मुखरू, मले वास येत नाई. तापापासून येत नाई. त्या दिवशी मी खोटं बोललो."

 मुखरूभाऊचा हात खाटेच्या सुंभावरून फिरत होता.

"मले माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तुले वास येत नाई ते. दोन वर्सं झाली असन. शेडात एकदा मच्छी सडली होती, आठवते? लटारूभाऊ धोतराचा सोगा नाकाले लावून पळाला. तू त्या टोपल्याले टेकून चिवडा खाऊन राह्यला होता." मुखरूभाऊ हसला. "तवाच समजलं."

"मंग काऊन इचारलं मले? काऊन पेला देल्ला माह्या हातात?"

"तुले इचारलं नसतं तं तू येनंच बंद केलं असतं." मुखरूभाऊने तोंड त्यांच्याकडे वळवलं, थोडं चुकवून. "मले वाटलं, लाख शाबूत हाये, लेबल हाये, माल चांगलाच असन. तू काई म्हन, काय फरक पडते? मग तू म्हनला, औषधाचा वास असते म्हनून. ते तू इतकं खरं बोलला भैयाजी, की मले वाटलं, तुह्यं नाक वापस आलं. मले खुशी झाली. त्या खुशीतच जास्त झाली ती."

 मित्राने शिव्या घातल्या असत्या, तर भैयाजींनी त्या खाली मान घालून घेतल्या असत्या. त्याचीच तयारी करून ते आले होते.

दारात घागर आपटली. रुखमाबाई केव्हा परत आली कोणालाच कळलं नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं. ती ओरडली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि नवऱ्याकडे न बघता भैयाजींना म्हणाली, "त्यानं तुमचं मन राखलं. तुमी त्याचं काय राखलं?"

"रुखमे, गप राय," मुखरूभाऊ म्हणाला.

"मी गपच हाये. भाऊ, तुमी आता आमच्या घरी येऊ नोका."

भैयाजी उठले. दाराबाहेर येऊन त्यांनी वहाणा घातल्या. मागून मुखरूभाऊ हाक मारत होता, "भैयाजी, बस न! भैयाजी, गेला का?" पण रुखमाबाई दाराच्या मधोमध उभी होती आणि तिच्या अंगावरून परत आत जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

पुढचं सगळं व्हायचं तसंच झालं. तलावांचे ठेके दुसऱ्याकडे गेले. आंधळ्याला बर्फाची आणि गाडीची धावपळ कुठून जमणार? रुखमाबाई डोक्यावर टोपली घेऊन बाजारात बसू लागली, तेही दुसऱ्याने धरलेली मच्छी विकायला. लटारूभाऊंनी दारूचं नावच टाकलं, आणि हळूहळू या दोघांचंही. सोनीबाई एक-दोनदा रुखमाबाईकडे जाऊन आली. तिला बसायला पाट मिळाला, शब्द मिळाला नाही.

उन्हाळा लागला तेव्हा भैयाजी एकदा पाळीवरून चालले होते. जायचं ठरवलं नव्हतं, पाय वळले. शेडसमोर आंब्याच्या सावलीत मुखरूभाऊ एकटाच बसला होता. कोणीतरी त्याला फाटकं जाळं दिलं होतं आणि तो बोटांनी भोकं चाचपून गाठी मारत होता. गाठी चुकत होत्या. तो त्या सोडवायचा, पुन्हा मारायचा. केस पांढरे झाले होते. पाण्यात नव्या ठेकेदाराची माणसं जाळं ओढत होती, आणि त्यांची आरोळी आली की मुखरूभाऊचा हात थांबायचा.

भैयाजी चार हात अंतरावर उभे राहिले. एक वाळकं पान पायाखाली मोडलं.

मुखरूभाऊने मान वर केली. "कोन हाये?"

भैयाजींच्या तोंडात शब्द आला. त्यांना ठाऊक होतं, नुसतं 'मी' म्हटलं तरी हा बाजूला सरकून जागा करील. मागचं काही काढणार नाही. उलट आपलीच विचारपूस करील, नाक बरं झालं का म्हणून. ते ऐकून घेण्याची ताकद त्यांनी स्वतःत शोधून पाहिली. ती नव्हती.

"कोन हाये म्हनतो? बोला न," मुखरूभाऊ पुन्हा म्हणाला.

भैयाजी वहाणा हातात घेऊन आल्या वाटेने परत फिरले. पाळ तापलेली होती. थोडं गेल्यावर त्यांनी वळून पाहिलं. मुखरूभाऊ जाळं मांडीवर ठेवून ते उभे होते त्या जागेकडे तोंड करून बसला होता, अजून उत्तराची वाट बघत.