कुठलीही जागा चालेल

वरून फॉर्म आला की कचेरीत तो एकट्या मोठ्या बाई भरायच्या. बाकीचे एकेचाळीस जण त्यांचा उतरवून खाली आपापली सही ठोकायचे. रीत कुणी पाडली ठाऊक नाही, पण तिच्यामुळे आजवर कुणाचं वाकडं झालं नव्हतं.

‘आपल्याला बसायला कशी जागा आवडते?’ हा फॉर्म चारच्या आत परत द्यायचा होता. बाईंनी ‘कुठलीही चालेल’वर खूण केली. कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये, हाच त्यांचा फॉर्म भरायचा नियम.

महिन्याभरात भिंती गेल्या. टेबलांना चाकं आली. जो आधी येईल त्याने हवं तिथे बसावं, असं ठरलं.

बाईंचा डावा कान सात वर्षांपासून बंद होता. हे त्यांच्या नवऱ्यालाच तेवढं ठाऊक. जुन्या जागी डावीकडे भिंत होती, त्यामुळे तक्रार घेऊन येणारा माणूस उजवीकडूनच यायचा. तक्रारी ऐकणाऱ्या बाईंना ऐकू येत नाही हे फुटलं असतं, तर त्यांची रवानगी थेट तळघरातल्या दप्तरखान्यात!

“बाई, तिसऱ्यांदा हाक मारतोय,” डावीकडून येऊन जावक कारकून म्हणाला. “भाव वाढला वाटतं?”

“तुझ्यासारखी गिऱ्हाइकं असल्यावर वाढणारच!”

सगळे हसले. बाईंनी मात्र खुर्ची वळवून उजवा कान त्याच्याकडे केला.

मग बाई नवी मांडणी करणाऱ्या आर्किटेक्ट मुलीकडे गेल्या. तिने फॉर्मांचा गठ्ठाच पुढे केला. “ताई, बेचाळीसच्या बेचाळीस ‘कुठलीही चालेल’! आमच्या घरात तिघांचं पंख्यावरून जमत नाही हो.”

“एखादी भिंत राहिली असती तर?”

“कुणाला हवीय? कारण लिहून द्या, उद्या उभी करते.” तिने पेनसुद्धा उघडून दिलं, गुणी पोर.

बाईंनी पेनाकडे पाहिलं. “छे, मी आपलं सहज विचारलं.”

आता आडोसा उरला होता एकच, बाथरूमजवळचा खांब. त्याला डावी बाजू टेकवता येईल असं एकच टेबल. दुसऱ्या दिवशी बाई तासभर आधी आल्या, तर पायरीवर तिघं उभी. दुखऱ्या कमरेवर हात ठेवून कॅशियर, उजेडाने डोळे चुरचुरणारा जावक कारकून आणि सातवा महिना लागलेली टायपिस्ट.

“एवढ्या लवकर?” बाईंनी विचारलं.

“जाग आली,” कॅशियर म्हणाला.

“मलापण,” टायपिस्ट म्हणाली.

फॉर्मचं नाव कुणी काढलं नाही. काढणार कोणत्या तोंडाने? सही ज्याची त्याचीच होती.

शिपायाने दार उघडलं आणि एवढी मोठी माणसं खांबाकडे पळत सुटली. बाईही पळाल्या. टायपिस्टला मागे टाकताना तिचे ओठ हललेले त्यांना दिसले. काहीतरी मागत होती बिचारी. पण ती डावीकडे होती, आणि बाई थांबल्या नाहीत.