आवडाबाईंचा अर्धा नवा गुडघा

मी आवडाबाईंचा उजवा गुडघा बोलतोय. माझी आतली बाजू हल्लीच धातूची झाली आहे. ती अजून बोलत नाही. नवी आहे, लाजते.

माझा जन्म ठाण्याच्या खाडीकाठी, कोळीवाड्यात झाला. लग्नानंतर आवडाबाई बाजाराच्या दाराशी, सासूच्या जागेवर उकिडव्या बसून मासे विकू लागल्या. सगळा भार माझ्यावर. हळूहळू माझ्यातली आतल्या बाजूची गादी झिजली आणि हाडाला हाड घासू लागलं. मी कुरकुरलो की आवडाबाई मला तेल चोळत आणि शिव्या देत. दोन्ही गरम.

शेवटी डॉक्टरांनी माझा फोटो पाहिला. म्हणाले, "बाहेरची बाजू ठणठणीत आहे. अर्धाच बदलू."

"अर्धा कशाला? मी कधी कुणाला अर्धं पापलेट दिलंय का?"

"चार बोंबील खराब निघाले तर तुम्ही अख्खी टोपली फेकता का?"

हे मात्र त्यांना पटलं.

ऑपरेशनच्या वेळी मी बधिर होतो, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. घरी आल्यावर शेजारणी मला बोटाने दाबून विचारायच्या, "यातला नवा कुठला गो?"

डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केली होती. म्हणून आवडाबाई बाजारात खुर्ची घेऊन गेल्या. मासे खाली, त्या वर. गिऱ्हाइकं बिचकून पुढे जाऊ लागली. शेजारी बसणारी धाकटी जाऊ मनुबाई म्हणाली, "काय गो जाऊबाय, म्युनिसिपालटीत लागलीस का?"

दोन दिवस टोपली तशीच घरी आली. "उद्या नाय विकलं तर माझी जागा तू घे," आवडाबाई मनुबाईला म्हणाल्या. त्या रात्री मी एकदाही कुरकुरलो नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तकनगरच्या मंदाकिनीबाई आल्या. त्या शाळेत शिकवतात आणि कल्ले उघडून लाल दिसल्याशिवाय मासा घेत नाहीत.

"मला वाकवत नाही हो. तुम्हीच दाखवा."

"मला तरी कुठं वाकवतंय?"

दोघी खाली पापलेटाकडे बघत राहिल्या. पापलेट दोघींकडे बघत होतं.

"मनू," आवडाबाई म्हणाल्या, "ते रिकामे खोके दे इकडे."

मनुबाईने हसत हसत खोक्यांवर खोके रचले, वर फळी टाकली. मासे मंदाकिनीबाईंच्या हाताशी आले. कल्ले उघडले गेले, घासाघीस झाली, आवडाबाईंचा आवाज परत चढला. मग वर्तकनगरातले सगळे दुखरे गुडघे आमच्याच फळीशी येऊ लागले. त्यांची कुरकुर मी लांबूनच ओळखतो.

आता मी बरा आहे. एवढंच सांगणं, मला दाबून बघू नका.

काल मनुबाई स्वतःचं स्टूल घेऊन आली. बसताना तिचा गुडघा कट्कन वाजला. आवडाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि आपली फळी थोडी तिच्या बाजूला सरकवली.