उसवलेली शिवण

माझ्या बायकोचा, वेलिकाचा, डावा स्तन काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गाठ सगळी निघाली." त्या एका वाक्याच्या जोरावर आम्ही प्लोवदिव शहरातून डोंगरावरच्या गावी घरी परतलो.

जखम ती मला दाखवत नसे. नातवंडं झालेली बायको, पण कपडे बदलताना दार लावून घ्यायची. एके सकाळी चादरीवर पिवळा, ओला डाग दिसला. वासही येत होता. तेव्हा कुठे तिने सांगितलं की काखेकडून टाके उसवलेत, आणि शेजारच्या पेनाकाकूंनी सांगितलं म्हणून ती कोबीची पानं बांधतेय.

"कोबीची?"

"सूज उतरते म्हणे."

"अगं, जखम बांधतेयस की जेवणासाठी पानांत खिमा गुंडाळतेयस?"

तिला हसू आलं, आणि लगेच छाती धरून ती खाली बसली.

मी शहरातल्या वॉर्डात फोन लावला. तिथली नर्स म्हणाली, गावातल्या डॉक्टरांना दाखवा. आमच्या डॉक्टरीणबाई गांचेवा भल्या बाई. त्यांनी पट्टी उचलून पाहिली आणि पुन्हा तशीच ठेवली.

"स्पास," त्या मला म्हणाल्या, "ज्यांनी कापलं त्यांनीच बघायला हवं. मी हात लावला आणि आणखी बिघडलं तर?"

"ते तुमच्याकडे पाठवतात, तुम्ही त्यांच्याकडे. मधल्या मधे आम्ही कुठे जायचं?"

वेलिकाच म्हणाली, "चल रे, शहराची बस चुकेल."

शहरात आमचे सर्जन रजेवर होते. दुपार कलल्यावर एका तरुण डॉक्टरांनी तिला आत घेतलं. उरलेले टाके कापून पू काढला, आणि मला आत बोलावलं. मी पहिल्यांदाच पाहिलं. जिथे ती नातवंडांना झोपवायची, तिथे आता लांब, लाल खळगा होता.

"ही जखम आता शिवायची नाही," ते म्हणाले. "आतून वर भरत येऊ दे. रोज धुवून आत गॉजची जाळी भरायची. भरेपर्यंत किरणांचे उपचार सुरू करता येणार नाहीत."

"आणि तोवर ती गाठ परत आली तर?"

"जखम शक्य तितकी लवकर भरायला हवी," एवढंच ते म्हणाले.

रोज इतक्या लांब येणं जमणार नव्हतं. नर्सने चिमट्याने जाळी कशी सारायची ते मला एकदा करून दाखवलं.

घरी पहिल्या दिवशी मी चिमटा पुढे नेला. वेलिकाने तोंड भिंतीकडे वळवलं होतं. जाळी आत गेली तशी तिच्या पायाची बोटं आखडली, आणि माझ्याने पुढे होईना. मी अंगणात जाऊन मधमाश्यांच्या पेट्यांपाशी उभा राहिलो. आत आलो तेव्हा ती तशीच, उघड्या जखमेने पडून होती.

"ये," ती म्हणाली. "दुसरं कोण करणार?"

मी केलं. तेव्हापासून रोज करतो. पेट्या हिवाळ्यासाठी झाकून झाल्या, शेजाऱ्यांची द्राक्षं उतरली, डोंगरमाथ्यावर बर्फ आलं. किरणांची तारीख दोनदा पुढे गेली. कडेने थोडं मांस धरतं, मग एखाद्या सकाळी पुन्हा पाणी येतं. वॉर्डाच्या फोनवर दर वेळी वेगळाच आवाज असतो, आणि मी दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगतो.

काल तिने विचारलं, "कमी झाली का रे?"

"झाली थोडी."

"बघू, आरसा आण."

मी आरसा आणला नाही. तिनेही पुन्हा मागितला नाही.