आसनाखालचं पिवळं जॅकेट

मी एक जुनं, पिवळं लाइफ जॅकेट आहे. हसू नका. विमानात सीटखाली घडी करून ठेवलेलं असतं ना, तेच. मित्रांनो, माझ्या पोटात हवा भरली की मी फुगतो, आणि हवा नसतानाही मी थोडा फुगलेलाच असतो, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. माणसाचा जीव वाचवायला जन्मलेल्या वस्तूनं थोडी ऐट केली तर काय बिघडलं?

एका कारखान्यात मला शिवलं, चिकटवलं, शिट्टी अडकवली, दोन लाल दोऱ्या लावल्या आणि पाठीवर तारीख छापली. मग मी कित्येक वर्षं एका विमानात सीटखाली पडून होतो. हजारो माणसं माझ्यावर बसून गेली, पण एकालाही माझी गरज पडली नाही. मी जन्मात कधी पाण्यात पडलो नाही आणि त्याचंच मला फार समाधान आहे. पुढे पाठीवरची तारीख उलटली. मला बाद केलं. वाटलं, आता संपलं सगळं, जायचं भंगारात.

पण उत्तरा मॅडमनी मला मागून घेतलं. मॅडम स्वतः एके काळी हवाई सुंदरी होत्या. नव्वदनंतर खासगी विमान कंपन्या भराभर निघाल्या, तेव्हा त्यांनी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये मुलींसाठी शिकवणीचा वर्ग काढला. लोखंडी खुर्च्यांच्या दोन रांगा म्हणजे विमान, मधली वाट म्हणजे विमानातली वाट आणि चहाचा ट्रे म्हणजे चहाचाच ट्रे. डोंबिवली, कल्याण, पार टिटवाळ्याहून मुली यायच्या. चिडलेल्या प्रवाशाशी कसं बोलायचं, रडणाऱ्या बाळाच्या आईला काय विचारायचं, ट्रे कलू न देता वाकायचं कसं, हे सगळं मॅडम शिकवायच्या. आणि मी? मी सगळ्यांच्या गळ्यात! वर्गात खरीखुरी विमानाची वस्तू म्हणजे मी एकटाच होतो, त्यामुळे माझा रुबाब विचारू नका.

या मुलींत मंजुळा होती, चेंदणी कोळीवाड्यातली. बाप काळुराम होडी घेऊन खाडीत जायचा, आई जनी बाजारात मासळी विकायची. मंजुळा जिद्दीची पोर. इंग्रजी अडखळत बोलायची, तर रोज आरशासमोर घोकून महिन्याभरात घडाघडा बोलायला लागली. चिडलेला प्रवासी झालेल्या मुलीला तर ती असं गोड बोलून गार करायची की ती मुलगी आपलं चिडणंच विसरायची. मॅडम म्हणायच्या, "हिला कुठलीही कंपनी डोळे झाकून घेईल."

आणि नेमकी तीच अडली. त्याचं असं झालं, एक नवी छोटी कंपनी मुली निवडायला येणार होती. तिकीट स्वस्त, खायला बिस्किटं आणि चहा, एवढाच थाट. औरंगाबाद, नागपूरकडची पहिल्यांदाच विमानात बसणारी माणसं तिच्या विमानात येणार, म्हणून सगळ्या सूचना मराठीतही आल्याच पाहिजेत, ही त्यांची अट. मॅडमनी वाक्य लिहून दिलं, 'विमान पाण्यात उतरवावं लागलं, तर सीटखालचं लाइफ जॅकेट काढून गळ्यात घाला.' एक शब्द बदलायचा नाही, असंही बजावलं.

मंजुळा हे वाक्य इंग्रजीत फाडफाड म्हणायची. मराठीत आली की "विमान पाण्यात..." आणि गप्प! मी तिच्या गळ्यातच असायचो, त्यामुळे तिनं गिळलेला आवंढा आधी मला कळायचा. मॅडमना वाटलं, पाठांतर कच्चं आहे. त्यांनी तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी एकदा डोळे मिटून मंजुळा म्हणाली, "विमान पाण्यात वाढलं, तर..."

वर्गात अस्सा हशा पिकला! डोंबिवलीची सुमती तर खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली होती. "वाढलं? म्हणजे विमान मोठं होणार होय गं पाण्यात?"

मंजुळा लालबुंद झाली. पण मित्रांनो, तुमच्या घरी नारळ 'फोडला' म्हणतात की 'वाढवला'? दुकान 'बंद केलं' म्हणतात की 'वाढवलं'? बांगडी फुटली तरी आजी 'वाढवली' असंच म्हणते ना? मग पोरीनं विमानालाही तोच शब्द लावला, यात तिचं काय चुकलं? मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, आमच्यात होडी निघताना पाण्याचं वाईट कोणी बोलत नाही. लहानपणी मी एकदा बोललेले, तर आईने बापाला त्या दिवशी जाऊच दिलं नाही. इंग्रजीत काही वाटत नाही हो, ते शब्द आमच्या घरात कोणी बोलतच नाही. मराठीत बोलायला गेले की बापूस दिसतो."

"पण मंजुळा, मराठीत बोलली नाहीस तर ही नोकरी मिळणार नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचाही जीव तुटत होता, पण नियम तो नियम.

"माहिती आहे मला. मी बोलणार. कसं ते माहीत नाही, पण बोलणार."

दुसऱ्या दिवशी बाजार आटपून जनी लेकीला न्यायला आली. काखेत रिकामी टोपली, कपाळावर घाम. दारात उभी राहिली आणि नेमकं तेच वाक्य तिच्या कानावर पडलं, सुमतीच्या तोंडून. झालं! बाई तरातरा आत आली.

"काय हो मॅडम, असला वंगाळ शिकवता तुमी माजे पोरीला? तिचा बापूस रोज पान्यान जातोय! नको आमाला तुमची इमानाची नोकरी. चल गो मंजुळा, घरा चल!"

मंजुळानं मला गळ्यातून काढलं. वाटलं, आता मला खुर्चीवर टाकून ही आईमागोमाग निघून जाणार. पण तिनं मला छातीशी धरलं आणि तिथंच उभी राहिली.

"आये, थांब. बापूस निघतो तवा तू काय विचारतंस त्याला? पानी घेतलंस का, दोर घेतलास का, बत्ती घेतलीस का. रोज विचारतंस. कशाला? तो बुडावा म्हनून?"

शब्द बाहेर पडला होता. मंजुळाचा हात तिच्याच तोंडावर गेला. जनीचा चेहरा पांढराफटक पडला.

"परत यावा म्हनून विचारतंय मी," ती कशीबशी म्हणाली.

"मग मी पन त्याचसाठी बोलतंय ना, आये. लोकं परत घरी यावी म्हनून."

जनीनं पदरानं तोंड पुसलं, मधल्या एका खुर्चीवर बसली आणि टोपली मांडीवर घेतली.

"बोल. मी बसलंय तुजे इमानान. मना बघून बोल."

मंजुळाचे डोळे भरले, पण पोर मोठी पक्की! तिनं पाठ ताठ केली, गळा साफ केला आणि हसून म्हणाली, "बाई, टोपली समोरच्या सीटखाली ठेवता का? वाटेत कुणाला लागायला नको." जनीनं टोपली निमूटपणे खाली ठेवली. मग मंजुळानं मला गळ्यात घातलं आणि आईच्या डोळ्यांत बघून ते वाक्य म्हटलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. जनीनं खुर्चीची कड घट्ट धरली होती.

"परत," जनी म्हणाली. "आवाज बारीक येतंय. मागच्या मानसाला कसा ऐकू जाल?"

अंधार पडेपर्यंत जनी तिथून उठली नाही आणि तिनं लेकीलाही थांबू दिलं नाही. शेवटी शेवटी तर मंजुळाचा आवाज खालच्या दुकानापर्यंत जात होता. मला इतका आनंद झाला की पोटात हवा असती तर मी फुटलोच असतो, म्हणजे, वाढलो असतो!

निवडीच्या दिवशी कंपनीचे एक साहेब प्रवासी बनून खुर्चीत बसले आणि मुद्दाम पेपर उघडून वाचत राहिले. आधीच्या मुली त्यांच्या पेपराला सूचना सांगून निघून गेल्या. मंजुळा वाक्याच्या मध्येच थांबली. मॅडमनी कपाळाला हात लावला, पुन्हा अडली म्हणून. पण मंजुळा अडली नव्हती. ती थोडी वाकली आणि म्हणाली, "काका, एवढं ऐकून घ्या, मग सावकाश वाचा. चहा मीच आणते तुमचा. घरी कोणीतरी तुमची वाट बघत असेल ना?"

साहेबांनी पेपर खाली ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं. मंजुळाला नोकरी लागली.

पुढे मोठमोठ्या काचेच्या इमारतींत असले वर्ग निघाले आणि मॅडमचा वर्ग बंद पडला. मी त्यांच्या घरी माळ्यावर गेलो. रंग उडालाय, रबर तडकलंय, शिट्टी कुणीतरी खेळायला नेली ती परत आलीच नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मंजुळा सुट्टीत मॅडमना भेटायला येते, तेव्हा तिचा आवाज मला वर ऐकू येतो. परवा ती म्हणत होती, "रोज सांगते मॅडम, आणि रोज लोक खिडकीबाहेर बघतात. कोणी घोरतो, कोणी हसतो. तरी मी एक शब्द गाळत नाही. आये विचारते ना घरी गेल्यावर, सगळं बोललीस का म्हणून."

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मोठे व्हाल, विमानात बसाल, तेव्हा तुमच्यासमोर एक मुलगी माझ्यासारखं पिवळं जॅकेट गळ्यात घालून उभी राहील. तुम्हाला ती पाठ केलेलं बोलतेय असं वाटेल. पण तुम्ही सुखरूप घरी परत जावं म्हणूनच ती ते बोलत असते. दोन मिनिटं मान वर करा आणि तिच्याकडे बघा.