डावीकडं जाणारी बंदूक

चतुराबाईनं दोरीवरची चादर काढली आणि उजेडाकडं धरली. चादरीच्या मधोमध बन्सीधरनं कोळशानं ताटलीएवढा गोल काढला होता. त्या गोलाला एखादा छर्रा चाटून गेला असेल तर शपथ. सगळी भोकं डाव्या काठाला, हातभर अंतरावर दाटीवाटीनं पडली होती.

"चांगली वापरातली चादर व्हती," ती म्हणाली.

"तूच जुनी म्हणून दिलीस की."

"जुनी म्हणले, मेली न्हाई म्हणले."

बन्सीधरचं बायकोच्या बोलण्याकडं लक्षच नव्हतं. त्यानं दुनळी उघडून काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या काढल्या आणि बंदूक हातावर आडवी धरून तिच्याकडं रागानं बघत राहिला. "दस्ताच वाकलाय हिचा," तो म्हणाला. दस्ता म्हणजे खांद्याला लागतो तो लाकडी भाग. "लाकूड हाय. हवा धरतं आन् वाकतं."

"पाच महिने झाले. रोज थोडा थोडा वाकायलाय का त्यो?"

बन्सीधर एकसष्ट वर्षांचा. पिंगळीत रेल्वे स्टेशनच्या पलीकडं, कालव्याच्या अंगाला त्याचं रान होतं आणि पीक राखायच्या बंदुकीचा परवाना तेहतीस वर्षांपासून त्याच्या नावावर होता. उसात रानडुकरं शिरली की वनखात्याकडून परवानगी निघायची आणि माणसं पहाटेच बन्सीधरच्या दारात यायची. एका बारात काम करणारा माणूस, अशी त्याची ख्याती होती. चतुराबाईला त्या ख्यातीचा कधी अभिमान वाटायचा, कधी वैताग यायचा. बहुतेक वेळा वैतागच, कारण पहाटेचा चहा तिलाच करावा लागायचा.

पण गेल्या दिवाळीपासून त्याचा एकही बार लागला नव्हता. शेजारच्या भागवतच्या उसात डुक्कर अगदी वीस पावलांवरून गेलं. बन्सीधरनं दोन्ही नळ्या झाडल्या, आणि डुक्कर घाई न करता बांध ओलांडून गेलं. भागवत भला माणूस, तोंडावर काही बोलला नाही. नंतर मात्र चतुराबाईला म्हणाला, "काकू, काकांनी लय वर्षं केलं. आता सोनपेठकडच्या एका परवानावाल्याला बोलवावं म्हणतो." हे बन्सीधरच्या कानावर गेलं, आणि त्या दिवसापासून घरात बंदुकीशिवाय दुसरा विषय राहिला नाही.

पहिल्यांदा तो दस्ता उकलून सूर्यभान सुताराकडं गेला. बंदूक दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, पण नुसत्या लाकडाला कसला परवाना? सूर्यभाननं आयुष्यभर दारं, बाजा आणि तिफणी केल्या होत्या. "गाल टेकतो तिथं लाकूड जास्त हाय, म्हणून नजर सरकायलीय," असं बन्सीधरनं सांगितलं आणि सूर्यभाननं तिथं रंधा मारला. बार डावीकडंच गेला. पुन्हा रंधा मारला. बार पुन्हा डावीकडं.

मग दोघांनी मिळून असं ठरवलं, की दस्ता लांब आहे. वयानं माणूस आखडतो, हात आखूड होतात. सूर्यभाननं दोन बोटं लाकूड कापून काढलं. त्यानंतर पहिला बार झाला तेव्हा बंदुकीचा धक्का बसला, आणि बन्सीधरचाच अंगठा त्याच्याच नाकावर आदळला. चतुराबाई गोठ्यातून धावत आली, तर हा रक्तबंबाळ नाक धरून म्हणतो, "आता जरा जवळ आलंय बघ."

"काय जवळ आलंय? दवाखाना?"

दुसऱ्या दिवशी त्यानं कापलेल्या जागी गोधडीचा तुकडा शिवून द्यायला सांगितला. तिनं दिला. मग तो तुकडा जाड झाला. मग तिनं उसवून पातळ केला. मग ती गोवऱ्या हवेत फेकायची आणि तो बार काढायचा. गोवरी अख्खी खाली यायची आणि मग जमिनीवर आपटून फुटायची. चौथ्या गोवरीला तिनं पदर खोचला. "आता बास. नांदेडला खरा बंदुकीचा मिस्त्री हाय म्हणता ना? चला त्याच्याकडं. न्हाईतर ही बंदूक मी कालव्यात टाकते, मग पोलीस मला नेवोत का तुमाला नेवोत."

शनिवारी दोघं सकाळच्या पॅसेंजरनं नांदेडला गेले. बंदूक गवसणीत, परवाना चतुराबाईच्या पिशवीत, कारण बन्सीधर कागद हरवतो.

जब्बार मिस्त्रीचं दुकान अरुंद होतं आणि आत तेलाचा वास भरला होता. मिस्त्री सत्तरीचा, बारीक अंगाचा. त्यानं आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्यांतून उजेडाकडं पाहिलं. मग दस्त्यावरची गोधडी सोडली आणि कपाळाला हात लावला.

"अण्णा, ये किसने काटा? चूहे ने?"

"आमच्या गावच्या सुतारानं," बन्सीधर म्हणाला. "पण मूळ दोष लाकडातच हाय. वाकलंय."

मिस्त्रीनं नळीवर दोरा ताणून धरला, डोकं एकदा इकडं, एकदा तिकडं केलं. "मुळात काई वाकलं नव्हतं. जे वाकडं केलं ते तुमी केलं." मग त्यानं बन्सीधरला उभं केलं, डोळे मिटून रिकामी बंदूक खांद्याला लावायला सांगितली, मग डोळे उघडायला सांगितले, पुन्हा मिटायला सांगितले. असं चार-पाच वेळा झालं. मिस्त्री प्रत्येक वेळी समोरून निरखून बघायचा. चतुराबाईला त्या निरखण्याचाही राग आला.

शेवटी मिस्त्रीनं बंदूक काढून घेतली. "अम्मा, तुमी इथं अण्णांच्या समोर बसा. एक डोळा मिटा. अण्णा, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि अम्माच्या उघड्या डोळ्याकडं झटकन बोट दाखवा."

"बोट कशाला? मी बंदूक दुरुस्तीला आणलीय."

"दाखवा तर!" चतुराबाई म्हणाली.

बन्सीधरनं बोट रोखलं. तिनं एका डोळ्यानं पाहिलं. बोटाचं टोक आणि त्याच्या मागं नवऱ्याचा डोळा, दोन्ही एका रेषेत आले होते. "कोणता डोळा बोटामागं झाकला गेला?" मिस्त्रीनं विचारलं.

"डावा," ती म्हणाली, आणि एकदम तिच्या लक्षात आलं. "आवो, डावा! दसऱ्याला मोतीबिंदू काढला त्योच!"

मिस्त्रीनं मान हलवली. "दोन्ही डोळे उघडे असले की जो साफ, त्याचाच हुकूम चालतो. आता बंदूक उजव्या खांद्याला आणि हुकूम डाव्या डोळ्याचा. छर्रे डावीकडं जाणार न्हाईत तर कुठं जाणार?"

"मग डावा मिटून मारतो," बन्सीधर म्हणाला.

"मिटा की. समोर कॅलेंडर हाय. तारीख वाचा."

बन्सीधरनं डावा डोळा मिटला. बराच वेळ कॅलेंडरकडं बघितलं. "धुकं दिसतंय," तो शेवटी पुटपुटला.

परभणीच्या डॉक्टरांनी डावा डोळा केला तेव्हाच सांगितलं होतं, उजव्याचाही मोतीबिंदू पिकलाय, दोन महिन्यांनी या. दोन महिन्यांनी गव्हाची पेरणी निघाली. मग कुणाचं लग्न. मग थंडी. चतुराबाईनं विचारलं की हा म्हणायचा, एका डोळ्यानं सगळं झकास दिसतंय, घाई काय हाय?

आता निदान बोलणं संपलं असं तिला वाटलं. पण बन्सीधर मिस्त्रीजवळ सरकला. "मग असं करा. दस्ता उलट्या बाजूला वाकवा. मी डाव्या खांद्याला लावून मारतो."

"तेल तापवून वाकवता येतं," मिस्त्री म्हणाला. "पण तेहतीस वर्षं उजव्या खांद्याची सवय हाय. आणि उद्या उजवा डोळा केला की पुन्हा माझ्याकडं येणार. लाकूड हाय अण्णा, किती वेळा वाकवू?"

"उजवा कुठं करायलोय मी?"

चतुराबाई उठून उभी राहिली. "लाकूड कापायला तयार, नाक फोडायला तयार, माझ्या गोवऱ्या संपवायला तयार. आता खांदा बी बदलणार! सगळ्या जगाला रंधा मारतील, पण स्वतःच्या डोळ्याला हात लावू देणार न्हाईत. मिस्त्री, ही बंदूक इथंच ठेवा. यांचा डोळा झाला की नेऊ."

"परवाना माझ्या नावावर हाय," बन्सीधर म्हणाला.

"मग पावतीवर सही बी तुमचीच. करा."

मिस्त्रीनं दोघांकडं न बघता पावतीपुस्तक पुढं सरकवलं. बन्सीधरनं सही केली.

परतीच्या गाडीत तो खिडकीकडं तोंड करून बसला. चतुराबाईनं भाकरी पुढं केली तर नको म्हणाला, आणि मग तिनंही खाल्ली नाही. पूर्णा गेलं. गाडी कुठल्याशा सिग्नलला थांबून राहिली. तेव्हा तो खिडकीबाहेरच बघत म्हणाला, "आधी डावा दिला ते मुद्दाम दिला. त्यांनी विचारलं, कोणता आधी करायचा. म्हणलं, डावा. बिघडला तर बिघडला."

"म्हणजे?"

"उजवा बंदुकीचा डोळा हाय. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा डोळा लाल होऊन सुजला व्हता. तसं उजव्याचं झालं असतं तर? गावात मला दुसरं कशासाठी कोण बोलवतं?"

पाच महिने हा माणूस लाकडाला शिव्या देत होता, आणि मनात हे घेऊन बसला होता. चतुराबाईला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला. "हे आधी बोलता आलं असतं," ती म्हणाली. "मी काय परकी हाय?"

"बोललो असतो तर तू दुसऱ्याच दिवशी नेलं असतंस."

"नेलंच असतं!"

शेजारची बाई वळून बघायला लागली. चतुराबाईनं आवाज खाली आणला. "डॉक्टरला त्या लाल डोळ्याचं विचारू. समोरासमोर. मी संगं बसते. पटलं तर करा, न्हाईतर नका करू. पण मग पुन्हा दस्ता म्हणायचं न्हाई."

डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. त्या माणसानं ऑपरेशननंतर घरी जाऊन डोळा चोळला होता आणि औषधाचे थेंब बंद केले होते. पुढच्या आठवड्यात बन्सीधरचा उजवा डोळा झाला. चतुराबाई बाहेर बाकावर बसून होती. पट्टी काढल्यावर त्यानं भिंतीवरच्या पाटीची सगळ्यात खालची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली, दोनदा. डॉक्टरांनी दोन महिने बंदुकीला हात लावू नका म्हटलं. चतुराबाईनं घरी तीन महिने सांगितलं.

तीन महिन्यांनी मिस्त्रीनं बंदूक बसवायला घेतली. आधी पुन्हा बोट रोखायला लावलं, आता उजवा डोळा बोटामागं आला. मग त्यानं बन्सीधरच्या हाताचं, मानेचं, खांद्याचं माप घेतलं. कापलेल्या जागी अक्रोडाचा तुकडा जोडून त्यावर रबराची गादी लावली, रंधा मारलेली गालाची जागा भरून काढली, कानस मारली, पुन्हा खांद्याला लावायला सांगितली, पुन्हा कानस मारली. दुपार झाली. "आता डोळे मिटून लावा आणि उघडा," तो म्हणाला. बन्सीधरनं डोळे उघडले आणि हसला. नळीच्या टोकावरचा नेम धरायचा मणी बरोबर मधोमध होता.

आठवड्यानं पहाटे भागवतच्या उसात डुक्कर निघालं. एकच बार झाला. वनखात्याची माणसं पंचनामा करून गेली, आणि मग बांधावर पंधरा-वीस जण जमले. चतुराबाई चहाची किटली घेऊन पोचली तेव्हा बन्सीधर दस्ता सगळ्यांना दाखवत होता.

"ही गादी बघा. सगळी करामत हिची. मिस्त्रीनं असं रबर बसवलंय की हात ठेवला की बार लागतो."

"काका, मला वाटलं तुमचं वय झालं," भागवत म्हणाला.

"वयाचा काय संबंध? रबर नव्हतं."

चतुराबाईनं किटली खाली ठेवली. "रबर? आवो, डोळ्याचं सांगा की त्यांला! ह्या भागवतच्या आईचे, कमलबाईंचे, दोन्ही डोळे पिकलेत. ऑपरेशनच्या भीतीपायी दारात बसून हायेत त्या. आता यांचं ऐकून रबर लावतील डोळ्याला!"

बांधावर कुणीतरी हसलं. बन्सीधरनं बंदूक उघडून हातावर घेतली. मग भागवतकडं वळला.

"आईला सोमवारी परभणीला न्यायचं. मी येतो संगं," तो म्हणाला. "भेऊ नको म्हणावं. मी बी लय भेलो व्हतो."

चतुराबाईनं पहिला कप त्याच्या हातात दिला आणि बाकीच्यांना ओतायला लागली.