नाल्यावरची खोली

माणसं मेल्याशिवाय नगरपालिकेला जाग येत नाही, हे रोसमिराला ठाऊक होतं. तरी ती गेली. आमच्या वस्तीत उतारावरचे सिमेंटचे नाले साफ ठेवायचं काम तिचं. डोंगरात पाणी मुरून दरड सुटू नये म्हणून पालिकेनंच ते वस्तीतल्या बायकांना दिलेलं. पण निवडणूक आली, नवे करार थांबले आणि ऐन पावसात सगळ्या बायका घरी बसल्या. दरडीला कुठे मत असतं!

त्यात एवेलियोनं मोठ्या नाल्यावर स्लॅब टाकून खोली उठवली. एवेलियो रोसमिराच्या मुलाचा धर्मपिता, म्हणजे घरचाच; त्या नात्यानं तो तिला कोमाद्रे म्हणायचा आणि ती त्याला कोम्पाद्रे. त्याची मुलगी जुलिएथ पोटुशी होती आणि एका उमेदवारानं मतांसाठी सिमेंटची पोती वाटली होती. स्लॅबखाली गाळ अडकला, पाणी तुंबलं आणि खोलीमागच्या मातीत मुरू लागलं. उताराला भेग पडली. खाली सगळी आमचीच घरं.

"बाई, तो धोक्याचा पट्टा आहे. तिथे खर्च करायला बंदी आहे," कारकून म्हणाला.

"खर्चाला बंदी, मग सिमेंट कसं चढलं वर?"

"ते आमच्या खात्यात येत नाही. आणि तुमचा करार संपलाय. नाल्याला हात लावलात तर गुन्हा होईल."

रोसमिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती घरी आली, घण उचलला आणि थेट एवेलियोच्या दारात उभी राहिली.

"जुलिएथ, ऊठ पोरी. तुझी खाट माझ्या घरी न्यायची."

एवेलियो आडवा आला. "कोमाद्रे, डोकं फिरलंय का तुमचं? नातवंडाची खोली आहे ती!"

"खोली? थडगं बांधलंय तुम्ही, कोम्पाद्रे! वर छत घातलंत एवढंच."

"वस्तीत सगळेच बांधतात. मीच दिसलो तुम्हाला?"

"नाल्यावर तुम्हीच बांधलंत! व्हा बाजूला."

तो हलला नाही. शेवटी जुलिएथच पोट सांभाळत उठली आणि बापाचा दंड धरून त्याला बाहेर घेऊन गेली. रोसमिरानं खोलीच्या जमिनीवर घण घातला. हात सोलवटले, शिव्या संपल्या, मग जमीन फुटली. तिनं फांद्या, चिंध्या, गाळ ओढून काढला आणि तुंबलेलं पाणी घोंघावत खाली सुटलं. एवेलियोनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी उमेदवाराची माणसं प्रचारासाठी खोलीचे फोटो काढायला आली. फुटकी जमीन पाहून त्यांचा म्होरक्या हसला.

"एवढंच ना? गाडीत पोती आहेत. पुन्हा टाका स्लॅब."

ज्या शहराकडे नाला उपसायला एक फावडं नव्हतं, त्या शहरात हे सिमेंट मात्र हवं तितकं होतं! एवेलियोनं मान खाली घातली आणि पोती उतरवून भिंतीशी रचली. रोसमिराला वाटलं, तोच घण त्याच्या डोक्यात घालावा.

तेवढ्यात जुलिएथ स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आली. कोणी काही म्हणायच्या आत तिनं पहिलं पोतं फाडलं, मग दुसरं. वरून पाऊस धो धो कोसळत होता, सांडलेलं सिमेंट भिजून वाहू लागलं.

"अगं, वेडी झालीस का?" बाप ओरडला.

"मला नाही झोपायचं त्या पाण्यावर," ती म्हणाली आणि तिसऱ्या पोत्याकडे वळली.